घटस्फोटाच्या सूची आणि कुळाचा शोध

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांचें नांव वाचतांना यात्रेकरूस कुळाचा जो धागा सांपडतो, तोच धागा इंग्लंडमधील गृहस्थ सरकारी सूचींत शोधतो. इंग्लंड व वेल्समध्यें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजीं सुरू झाली. तत्पूर्वीं सारी भिस्त चर्चच्या वह्यांवर असे.

सूचींत नांव, आडनांव, नोंदणीचा जिल्हा, खंड व पान एवढेंच मिळतें; त्या आधारें दाखला मागवावा लागतो. ही सूची दीर्घकाळ तिमाहीवार होत असे, आणि तिमाही धरीत ती नोंदणीची, घटनेची नव्हे. जन्म नोंदविण्यास ४२ दिवसांची मुदत असल्यामुळें डिसेंबरांत जन्मलेलें मूल पुष्कळदां पुढील वर्षाच्या मार्च तिमाहींत जाऊन बसतें. नवशिका शोधक एकच वर्ष चाळतो आणि घरच्या म्हातारीच्या आठवणीस खोटें ठरवितो!

विवाहसूचींत जोडीदाराचें आडनांव येऊं लागलें तें १९१२ पासून. त्यापूर्वीचा विवाह शोधतांना वर व वधू हीं दोन्ही नांवें निरनिराळीं काढून जिल्हा, खंड व पान जुळतात कीं नाहीं हें पाहावें लागतें. जुळलीं तरी एका पानावर एकाहून अधिक विवाह असत, म्हणून दाखला पाहिल्यावांचून सोयरीक पक्की धरूं नये.

खरी पंचाईत होते ती घटस्फोटाच्या बाबतींत. विवाहाच्या मूळ नोंदीवर पुढील घटस्फोटाचा शेरा इंग्लंडांत मारीत नाहींत. त्याचा माग निराळ्याच दप्तरांत काढावा लागतो. १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोट हवा असल्यास पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे. अर्थात् तो श्रीमंतांचाच मार्ग. १८५८ च्या आरंभापासून लंडनच्या नव्या न्यायालयांत अर्ज करतां येऊं लागला. पण तेथेंही पतीस केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणें पुरे होई. पत्नीस मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखें आणखी एखादें कारण दाखवावें लागे. हा उघड अन्याय १९२३ सालीं दूर झाला.

या खटल्यांचे १९३७ पर्यंतचे बहुतेक कागद क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत व ते पक्षकारांच्या नांवांवरून शोधतां येतात. त्यानंतरचे बहुतेक नष्ट केले गेले. अर्जांत विवाहाची तारीख, राहण्याचीं ठिकाणें, मुलांचीं नांवें असा पुष्कळ मजकूर सांपडतो. मात्र अर्ज झाला म्हणजे घटस्फोट झाला असें नव्हे. कांहीं अर्ज फेटाळले गेले, कांहीं मागें घेतले गेले. पहिला सशर्त हुकूम झाल्यावरही अंतिम हुकूम झाला कीं नाहीं हें पाहिलेंच पाहिजे.

आणि गरिबांचें काय? त्यांना हा खर्च झेपत नसे. ते नुसते वेगळे होत. मग शिरगणतींत स्त्री स्वतःस विधवा म्हणून नोंदवी आणि पति चार गांवें पलीकडे दुसरा संसार थाटून असे. सात वर्षें जोडीदाराचा ठावठिकाणा नसला तर पुन्हा विवाह करणें मोकळें, अशी समजूत सर्वत्र होती. १८६१ च्या कायद्यानें अशा मनुष्यास शिक्षेंतून सूट होती खरी. परंतु पहिला जोडीदार जिवंत असल्यास दुसरा विवाह रद्दच ठरे आणि त्या मुलांच्या औरसपणावर आंच येई. ‘पणजोबा समुद्रांत बुडाले’ या घरगुती कथेखालीं कधीं कधीं एवढीच गोष्ट दडलेली असते. ती लपविणाऱ्या स्त्रीस आज दोष देणें शोधकास शोभत नाहीं. अब्रूनें जगण्यास तिच्यापाशीं दुसरा उपाय नव्हता.

आपल्याकडे कित्येक जातींत काडीमोड पंचांसमोर होई, त्याची सूची कोठून असणार? मुंबई प्रांतांत हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ सालीं.

इंग्लंडमधील एखादा सैनिक वा कारकून तेथील विवाहसूचींत सांपडेना, तर मुंबई इलाख्यांतील चर्चच्या नोंदींच्या लंडनला पाठविलेल्या नकला पाहाव्या. त्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. घटस्फोटितेचा पुनर्विवाह शोधतांना तिचें माहेरचें आडनांव व पहिल्या पतीचें आडनांव हीं दोन्ही तपासावीं, कारण नोंद दोहोंपैकीं कोणत्याही नांवानें झालेली असूं शकते.