रेकॉर्डिंग डिलीट केलं होतं, मग परत कसं आलं?

दहिवलीहून बोलतोय. मागून मध्येच गाडीचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या, कर्जत स्टेशन इथून लांब नाही. बरेच दिवस टाळत होतो असा विषय आज घेतोय, कारण चूक माझीच होती.

नोकरी मी घरूनच करतो. शिवाय शनिवार-रविवार आमच्या भागातल्या एका क्लासचा ऑनलाइन सर्व्हर सांभाळतो. त्यावर बिगब्लूबटन आहे. झूम किंवा मीटसारखंच, पण ओपन सोर्स आणि शिकवण्यासाठीच बनवलेलं. २००७ मध्ये कॅनडात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. सर्व्हर भाड्याचा, सॉफ्टवेअर फुकट, त्यामुळे छोट्या क्लासला परवडतं.

जानेवारीत बारावीच्या एका मुलीचा मेसेज आला. शिकवणी चालू असताना तिचा माइक उघडा राहिला होता आणि घरातलं भांडण, तेही पैशांवरून, सगळं रेकॉर्ड झालं होतं. ‘दादा, ते काढाल का? सगळे ऐकतायत.’ मी लगेच ग्रीनलाइट उघडलं. हा बिगब्लूबटनचा दर्शनी भाग, वेबसाइटसारखा दिसतो. डिलीट दाबलं, लिंक उघडून पाहिली, उघडत नव्हती. तिला लिहिलं, ‘काढलं.’

मे महिन्यात तिचा परत मेसेज आला. ‘दादा, तुम्ही काढलं म्हणाला होतात.’

आता हे झालं कसं, ते नीट सांगतो.

कर्जतला पुण्याकडे जाणारी गाडी थांबते ते आपल्याला माहीत आहे. आपण वडापाव घेतो, आणि तेवढ्यात मागे घाट चढायला बँकर इंजिनं लागत असतात. मीटिंगचंही तसंच आहे. सर ‘एंड मीटिंग’ दाबतात, मुलं निघून जातात, आणि सर्व्हरचं खरं काम तिथून सुरू होतं. आधी आवाज, कॅमेरा, स्क्रीन, चॅट, पाटीवरच्या रेघा असं सगळं सुटं सामान एका जागी जमा करायचं. याला आर्काइव्ह म्हणतात आणि हे सामान ‘रॉ’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं. मग त्यात काही तुटलंफुटलं नाही ना ते तपासायचं. मग जोडून बघण्यासारखं बनवायचं, आणि शेवटी ‘पब्लिश्ड’मध्ये ठेवायचं. तुम्हाला लिंक मिळते ती या शेवटच्या फोल्डरची. लेक्चर संपल्या संपल्या ‘व्हिडिओ कुठे आहे’ असं विचारणाऱ्यांनी एवढं ऐकून ठेवा.

म्हणजे एका लेक्चरच्या निदान दोन प्रती असतात, कच्ची आणि पक्की. ग्रीनलाइटमधून डिलीट दाबलं की पक्की प्रत ‘डिलीटेड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकते. पुसली जात नाही, सरकते! चुकून दाबलं तर परत आणता यावं म्हणून ही सोय आहे, आणि सोय म्हणून ती वाईटही नाही. पण कच्च्या प्रतीला कोणी हातच लावत नाही.

मे महिन्यात सरांनी सांगितलं की मुलांना व्हिडिओ मोबाइलवर डाउनलोड करता आले पाहिजेत. मी व्हिडिओचा नवा फॉरमॅट बसवला. जुनी लेक्चरंही त्यात यावीत म्हणून ‘रीबिल्ड ऑल’ची कमांड दिली आणि जेवायला गेलो. ही कमांड रॉ फोल्डरमध्ये जे सापडेल ते पुन्हा बनवते. जानेवारीचं ते लेक्चर तिथे होतंच. ते पुन्हा बनलं, पुन्हा पब्लिश झालं, आणि या वेळी डाउनलोड करता येईल असं.

अजून एक गोष्ट, आणि ही बहुतेकांना माहीत नसते. बरेच सर हजेरी झाली की मगच रेकॉर्डचं बटण दाबतात. पण मीटिंग तयार करतानाच रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली असेल, तर जुन्या आवृत्त्यांमध्ये सर्व्हर पहिल्या मिनिटापासून आवाज साठवायचा. बटण फक्त खूण करायचं, की इथून इथपर्यंतचा भाग व्हिडिओत घ्या. बाकीचं कच्च्या प्रतीत पडून. २.६ मालिकेतल्या पुढच्या आवृत्त्यांपासून हे बदललं, आता मुद्दाम सांगितलं नाही तर आवाज आणि कॅमेरा बटण चालू असतानाच साठवतात. आमचा सर्व्हर तेव्हा जुना होता. अपडेट करायचा आळस, दुसरं काय.

रोज सफाई करणारी एक स्क्रिप्टही असते. बटण कधी दाबलंच नाही अशा मीटिंगचं कच्चं सामान ती १४ दिवसांनी काढून टाकते. पण ज्यांचा व्हिडिओ बनला त्यांची कच्ची प्रत काढायची ओळ मुळात बंद ठेवलेली असते, ती आपण चालू करावी लागते. मी ती कधी उघडून वाचलीच नव्हती.

त्या रात्री सर्व्हरवर जाऊन ‘बीबीबी-रेकॉर्ड’ची डिलीट कमांड त्या मीटिंगच्या आयडीसकट दिली. ही कच्च्या प्रतीसकट उचलते. तरी या वेळी विश्वास ठेवला नाही. रॉ, पब्लिश्ड, डिलीटेड, तिन्ही फोल्डर उघडून तो आयडी शोधला. नव्हता. मग आठवलं, सर्व्हरचा रोजचा बॅकअप निघतो आणि तो सात दिवस राहतो.

सरांशीही बोललो. ते म्हणाले, ‘एका मुलीसाठी एवढं कशाला?’ मी त्यांना २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा दाखवला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आणि दिलेली माहिती पुसून मागण्याचा हक्कही आहे. बारावीतली बरीच मुलं १७ वर्षांची असतात. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘ती सफाईची ओळ चालू कर.’ केली. आता व्हिडिओ बनून १४ दिवस झाले की कच्ची प्रत जाते. त्यानंतर जुन्या लेक्चरचा फॉरमॅट बदलता येणार नाही, हे सरांनी मान्य केलंय.

तुमच्या क्लासमध्ये किंवा ऑफिसात असं काही घडलं तर ‘डिलीट केलं का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘रॉमधून गेलं का, आणि बॅकअप किती दिवस राहतो’ हेही विचारा. समोरचा अडखळला तर समजा की त्याने पाहिलेलं नाही. मीही अडखळलो असतो.

तिला मी या वेळी ‘काढलं’ असं लिहिलं नाही. लिहिलं, ‘सर्व्हरवरून गेलं. बॅकअपमध्ये पुढच्या शनिवारपर्यंत आहे, तोवर तो कोणी उघडणार नाही. ज्यांनी डाउनलोड केलं असेल त्यांच्या फोनमधून मला काढता येणार नाही, सॉरी.’ शनिवारी बॅकअपची यादी पाहिली आणि तिचा स्क्रीनशॉट पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.