कोमट

‘मामा, तुम्ही कोमट ख्रिस्ती आहात!’

गेल्या पावसाळ्यात भाचा मला असे म्हणाला. राग आला, पण शब्द त्याचा नव्हता. धड गरम नाही आणि धड गारही नाही, असा ठपका ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात लावदिकीयाच्या मंडळीवर ठेवलेला आहे.

झाले होते असे. भाचा एका नव्या प्रार्थनागटात जाऊ लागला होता. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे तिथे त्याच्या मनावर ठसले. त्याची आई, म्हणजे माझी आक्का, जुनी मधुमेही. मुलाच्या शब्दाखातर तिने गोळ्या बंद केल्या. पायाला जखम झाली, ती भरेना.

भांडायचेच, असे ठरवून मी निघालो. एस.टी.त बसल्यावर मात्र माझेच जुने दिवस आठवले. बाविसाव्या वर्षी एका संजीवन सभेनंतर मीही असाच पेटलो होतो. दिवाळीत शेजारच्या काकूंनी फराळाचे ताट पाठवले, ते मी दारातूनच परत केले. आई घरी आल्यावर तिला कळले. ती तशीच काकूंकडे गेली आणि तिथे बसून एक करंजी खाऊन आली. मला एवढेच म्हणाली, ‘तुझा विश्वास तुझ्यापाशी ठेव. शेजार माझा आहे.’

रेव्हरंड ना. वा. टिळकांहून उत्साही ख्रिस्ती माणूस मराठीत शोधून सापडणार नाही. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 साली. मधली पाच वर्षे या तापट, उतावळ्या माणसाने बायकोची वाट पाहिली. ती पुन्हा संसारात आली ती आपले सोवळे सांभाळून, आणि ते तिचे तिलाच सोडू दिले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला टिळकांच्या धर्मांतरापेक्षा हे थांबणे मोठे वाटते. पुढे 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तोही बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना दार उघडे ठेवून. आग होती, पण ती दुसऱ्याच्या घराला लावायची नाही, हेही ठाऊक होते.

धर्मातला मवाळपणा मी एवढाच समजतो. माझ्या श्रद्धेची किंमत मी भरावी, ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये. बँकेत आयुष्य गेल्यामुळे उपमाही तिथलीच सुचते.

भाच्याशी भांडलो नाही. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. तो मोठ्याने प्रार्थना करीत होता, मी मनातल्या मनात. नंतर त्याला कलस्सैकरांस पत्राचा शेवट वाचायला सांगितला. तिथे पौल लूकचा उल्लेख वैद्य म्हणूनच करतो, आणि प्रेमाने करतो. भाचा बराच वेळ गप्प बसला. सकाळी तो स्वतःच आक्काला दवाखान्यात घेऊन गेला.

पायाचे एक बोट काढावे लागले.

इथे माझाही हिशेब द्यायला हवा. गोळ्या बंद झाल्याचे आक्काने मला तीन महिने आधी फोनवर सांगितले होते. ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून मी विषय टाळला. त्याला मी मवाळपणा समजत होतो. तो भित्रेपणा होता. तेवढ्यापुरता भाच्याचा ठपका मला मान्य आहे. स्वतःच्या मताचा आग्रह धरू नये हे खरे. पण माणूस बुडत असताना काठावर उभे राहणे म्हणजे संयम नव्हे.

भाचा अजून त्या गटात जातो. मी सोड म्हटले नाही, त्याने मला ये म्हटले नाही. आक्काच्या पायाला ऊन-थंड फारसे कळत नाही, म्हणून कढत पाणी वापरायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. रोज संध्याकाळी भाचा घमेल्यात पाणी घेतो, आपले कोपर बुडवून पाहतो आणि मगच आईचा पाय धुतो.

पाणी कोमट लागते.