पायांचे कुंपण ओलांडताना

जत्रेच्या फडात कुस्तीचा निकाल कसा लागतो हे आपल्याकडच्या लहान पोरालाही सांगावे लागत नाही. एकाची पाठ मातीला लागली, त्याला आभाळ दिसले, की हलगी कडाडते, फेटे उडतात आणि कुस्ती संपते. पाठ लागणे म्हणजे हार, हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे. आज मात्र मी अशा एका मल्लविद्येबद्दल बोलणार आहे, की जिच्यात पाठ लागली म्हणजे कुस्ती संपत नाही, उलट तिथूनच ती रंगात येते. वर बसलेल्या मल्लाने 'आता जिंकलोच' असे म्हणून घाई केली, तर तोच हरतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू हे तिचे नाव.

तुम्ही म्हणाल, कुठे ब्राझील आणि कुठे आपण! पण या विषयाने माझी गाठ माझ्या वर्गातच घेतली. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थी होता. गावच्या तालमीत वाढलेला, अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. शहरातल्या एका व्यायामशाळेत हा नवा प्रकार शिकवतात असे ऐकून तो तिकडे गेला आणि पहिल्याच आठवड्यात हात गळ्यात बांधून वर्गात आला. मी विचारले, तर म्हणाला, "सर, मी वर होतो. तो खाली पाठीवर पडला होता. मला वाटलं, झालं काम! मग कोपर ताणलं गेलं. दुखत होतं, पण खाली पडलेल्या गड्याला शरण कसं जायचं?" त्या एका प्रश्नापायी त्याचा जत्रांचा सगळा हंगाम बुडाला.

मी इतिहासाचा अध्यापक. तरुणपणी चार वर्षे तालमीची माती अंगाला लावली, इतकाच माझा अधिकार. पण पोराचा हात बरा झाल्यावर मी त्याच्याबरोबर त्या व्यायामशाळेत जाऊन बसू लागलो. पाहिले, विचारले, वाचले. त्यातले जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

या विद्येचे मूळ जपानात आहे. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली तोक्योत कोदोकान नावाची शाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. त्या शाळेतला मित्सुयो माएदा हा मल्ल देशोदेशी कुस्त्या करीत १९१४ साली ब्राझीलमध्ये पोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थायिक झाला. त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी हा तरुण शिकला. कार्लोस आणि त्याचा धाकटा भाऊ एलिओ यांच्या घराण्याने जमिनीवरच्या लढतीवर सगळा भर दिला. एलिओ अंगाने किरकोळ. बलवान माणूस अंगावर आला तर आपण खालीच जाणार, हे त्याने गृहीत धरले आणि खाली पडूनच लढायचे कसे, याचा ध्यास घेतला.

खाली पडलेला मल्ल आपले दोन्ही पाय स्वतःच्या आणि वरच्याच्या मध्ये ठेवतो, किंवा त्याच्या कमरेभोवती घालून पाठीमागे घोटे अडकवतो. याला ते 'गार्ड' म्हणतात. आपण पायांचे कुंपण म्हणू या. वरच्याचे काम हे कुंपण ओलांडून बाजूला येणे आणि छातीवर कब्जा घेणे. स्पर्धेत कुंपण ओलांडून तीन सेकंद कब्जा टिकवला, तर तीन गुण मिळतात. पण ओलांडता ओलांडता खालच्याने हात किंवा मान पकडून शरण आणले, तर गुणांचा हिशेब तिथेच संपतो.

शेताचे काटेरी कुंपण घाईने ओलांडणाऱ्याचे धोतर अडकते. इथेही तसेच आहे. अंगठी, हात, डोके, जे जे पुढे कराल ते ते अडकते. १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या टल्सा शहरी याचा मोठा दाखला मिळाला. डॅन सेव्हर्न हा सुमारे ११८ किलोंचा नाणावलेला कुस्तीगीर आणि एलिओचा मुलगा रॉयस, वजन सुमारे ८० किलो. सेव्हर्नने त्याला खाली घातले आणि लढतीचा बहुतेक वेळ तो वरच होता. आपल्या फडात ती कुस्ती केव्हाच निकाली ठरली असती. पण पंधरा मिनिटे उलटल्यावर खालच्या रॉयसने पाय वर चढवले, सेव्हर्नची मान आणि एक हात मांड्यांत आवळला आणि सेव्हर्नला शरण जावे लागले.

हे घडते कसे? दोन मुख्य पकडी समजून घेऊ. पहिली त्रिकोणाची. वरच्याचा एक हात आणि मान खालच्याच्या दोन मांड्यांमध्ये सापडते, दुसरा हात बाहेर राहतो. खालचा आपली एक पोटरी मानेवर आडवी टाकतो आणि तिचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्याच्या लवणीत अडकवतो. आता एका बाजूने त्याची मांडी आणि दुसऱ्या बाजूने वरच्याचा स्वतःचाच खांदा, असे मानेच्या दोन्ही अंगांच्या रक्तवाहिन्या दाबतात. श्वास चालू असला तरी मेंदूला रक्त कमी पडते आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते.

दुसरी पकड कोपराची. आपले कोपर दाराच्या बिजागरीसारखे, एकाच बाजूला मिटणारे. खालचा तुमचे मनगट छातीशी धरतो, पाय तोंडावरून टाकतो आणि कंबर तुमच्या कोपराला उलट्या बाजूने लावून वर उचलतो. पहारीखाली टेकू देऊन धोंडा उलथावा, तसाच हा प्रकार. एका हाताविरुद्ध त्याच्या कमरेचे, पाठीचे आणि पायांचे बळ एकवटते. माझ्या विद्यार्थ्याचे हेच झाले.

आता तोड सांगतो. मौज अशी, की या पकडी सुटण्याचा उत्तम उपाय त्या लागण्याच्या आधीच करायचा असतो.

पहिली गोष्ट कण्याची. कुंपणाच्या आत असताना पाठ ताठ, मान वर आणि बूड टाचांवर भक्कम हवे. खालचा तुम्हांला डोक्याने किंवा कॉलरने खाली ओढतो, तो उगाच नव्हे. तुमचे डोके त्याच्या छातीवर आले, की मान आणि हात दोन्ही त्याच्या पायांच्या टप्प्यात येतात. आपल्या पैलवानाला डोके खाली घालून रेटा देण्याची सवय. ती सवय इथे घात करते.

दुसरी गोष्ट कोपरांची. कोपरे बरगड्यांजवळ, आपल्याच मांड्यांच्या आत. लांब केलेला हात म्हणजे दिलेला हात. खालच्याचा गळा दाबावा म्हणून पुढे वाकून हात लांब करणारा नवशिका कोपर स्वतःहूनच वाढून ठेवतो. तसेच तोल सावरण्यासाठी तळहात त्याच्या बाजूला जमिनीवर टेकू नये. तो मनगट धरून हात पाठीमागे पिळतो आणि खांदा जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि लक्षात ठेवायला सोपी. दोन्ही हात त्याच्या पायांच्या आत, नाहीतर दोन्ही बाहेर. एक आत आणि एक बाहेर, म्हणजे त्रिकोणाला आमंत्रण. कधी एकच हात मांडीखाली घालून तो पाय खांद्यावर घ्यावा लागतो. तेव्हा दुसऱ्या हाताने त्याची दुसरी मांडी जमिनीशी दाबूनच ठेवायची. ती मोकळी सुटली, की तुमच्या खांद्यावरून मानेवर आलीच.

चौथी गोष्ट डोक्याची. आपण पट काढायला शिरतो तेव्हा डोके पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याच्या बगलेखाली जाते. मातीत त्याचे फारसे बिघडत नाही. इथे तो बगलेत मान आवळतो, पाठीवर पडतो आणि पाय कमरेभोवती घालतो. म्हणून डोके वर, छातीला चिकटून असावे. बगलेखाली लोंबकळू देऊ नये.

पाचवी गोष्ट क्रमाची. आधी कुंपण उघडायचे, मग गुडघे ताब्यात घ्यायचे, मग कंबर दाबायची आणि शेवटी खांदे. एकेक ठाणे घेत जावे. घोटे सुटले, की नवशिका लगेच बाजूला उडी घेतो आणि गुडघ्यांची पकड सोडतो. तिथेच फसतो. अंतराचेही भान हवे. एक तर त्याच्या पायांच्या टप्प्याबाहेर उभे राहावे, नाहीतर अंगाला पुरते चिकटावे. मधले अंतर धोक्याचे, कारण तिथे त्याचे हात पोचतात आणि पायही. उभे राहिलात, तर आपला घोटा त्याच्या बगलेत जाणार नाही, हेही पाहावे.

आणि इतके करूनही पकड लागू लागली तर? त्रिकोण मिटत असेल तर मान वर काढावी, छाती ताठ करावी, अडकलेले कोपर मागे आपल्याकडे घ्यावे. तो हात त्याच्या पोटावरून पलीकडे ओढला गेला, की वेळ निघून गेली समजा. कोपर सापडले असेल तर दोन्ही हात एकमेकांत गुंतवावेत, वजन त्याच्यावर लोटावे आणि मग कोपर हळूहळू सोडवावे. हिसका देऊ नये. हिसक्याने हात सुटतोच असे नाही, पण सांधा मात्र निसटतो.

यापलीकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे थाप. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर दोन-तीनदा तळहात मारला, की त्याने पकड सोडलीच पाहिजे. हात अडकले असतील तर तोंडाने सांगितले तरी चालते. आपल्या पोरांना नेमके हेच जड जाते. मला एलिओ ग्रेसीचीच गोष्ट आठवते. १९५१ साली रिओच्या माराकाना क्रीडागारात त्याची मासाहिको किमुरा या जपानी मल्लाशी लढत झाली. किमुराने त्याचा हात पाठीमागे पिळला. हाड मोडले असे किमुराने पुढे लिहिले, पण एलिओने थाप मारली नाही. शेवटी थोरल्या भावाने, कार्लोसने टॉवेल टाकून लढत थांबवली. ब्राझिली मल्लांनी त्या पकडीला किमुराचेच नाव दिले. एलिओच्या जिद्दीचे कौतुक आजही होते. पण टॉवेल टाकणारा भाऊ मला तितकाच मोठा वाटतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुले मोबाईलवर या पकडी पाहतात आणि शाळेच्या मैदानावर एकमेकांवर करून बघतात. गळ्याची पकड हा खेळ नव्हे. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीशिवाय ती होऊ देऊ नका. थाप मारताच सोडायचे, हा नियम पकडीच्या आधी शिकवा. लहान मुलांच्या स्पर्धांत त्या लोकांनीही कितीतरी पकडींना मनाई केली आहे, ती काही उगाच नाही.

माझा तो विद्यार्थी आता दोन्हीकडे जातो. सकाळी माती, संध्याकाळी गादी. परवा भेटला तेव्हा हसत म्हणाला, "सर, काल चारदा थाप मारली. हात शाबूत आहे. उद्या परत जाणार." त्याचे वस्ताद जवळच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं केलंस, पोरा. हात राहिला तर डाव राहील."