जुगाऱ्याच्या घराचा वाली कोण?

२०२५ च्या जून महिन्यांत धाराशिव तालुक्यांतील एका तरुणानें पत्नी व लहान मुलगा यांचा जीव घेऊन स्वतःचाही शेवट केला. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्याचें व्यसन, त्यापायीं विकलेली जमीन व तरीही न फिटलेलें कर्ज, अशी त्यामागील हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. चार दिवस लोक हळहळले; मग 'ज्याचें त्यानें केलें' असा निकाल देऊन जो तो आपल्या कामास लागला. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. खेळणाऱ्याचा दोष आम्ही झांकीत नाहीं; परंतु त्याच्या घरांतील बालकाचा दोष कोणता? जुगार हा केवळ खेळणाऱ्याच्या नीतीचा प्रश्न नसून घराच्या व गांवाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, आणि साथीच्या रोगाप्रमाणेंच त्याचा बंदोबस्त झाला पाहिजे, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

हें व्यसन नवें नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचें सूक्त आहे व त्यांत त्याच्या पत्नीचें आणि आईचें दुःखही आहे. द्यूतसभेंत डाव हरला धर्मराज, पण विटंबना झाली ती द्रौपदीची. राजसत्तेची वृत्ति मात्र प्राचीन काळापासून दुहेरी दिसते. कौटिल्यानें द्यूत एकाच जागीं, अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं चालवावें असें सांगितलें, व जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच राजाचा भाग ठरविला. आपल्या काळींही तोच प्रकार झाला. १८८७ सालीं मुंबई सरकारनें जुगारबंदीचा कायदा केला. त्या वेळीं हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. आज तोच कायदा येथेंही लागू आहे. त्यानें अड्डा चालविणारा व अड्ड्यांत सांपडलेला खेळाडू या दोघांसही गुन्हेगार ठरविलें. १९५७ सालीं चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण त्यास नाहीं, असा निर्णय दिला. तरीही न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर मुंबईंत लागणारे आकडे पुढें मडक्यांतील चिठ्ठ्यांवर आले, आणि 'मटका' गांवच्या टपरीपर्यंत पोहोंचला. १९६९ सालीं राज्य सरकारनें स्वतःच लॉटरी काढली. मटका त्यामुळें बंद पडला नाहीं. जुगाराचे दरवाजे मात्र एकाचे दोन झाले.

आमच्या व्यापारी वाचकांस हिशेबाची भाषा अधिक पटेल. मटक्यांत एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर साधारणतः नऊ रुपये मिळतात. आणि आकडे आहेत दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याच्या हातीं नऊ येतात, उरलेला रुपया धंदेवाल्याचा. शेंकडा दहाचा हा तोटा एकदां सोसवेल. पण हातीं आलेली रक्कम पुन्हां पुन्हां लावीत गेल्यास दहा फेऱ्यांअखेर सरासरीनें शंभराचे पस्तीसच उरतात. ज्या पेढीचा असा ताळेबंद असेल तिच्यांत आपल्यापैकीं कोण भांडवल घालील? शिवाय टपरीवर आकडा ठराविक वेळींच फुटतो. मोबाइलवर एक डाव संपतांच दुसरा मांडलेला असतो. टपरीकडे वळणारास शेजारी पाहत असे, कोणी हटकीतही असे. अंथरुणांत पडून खेळणारास कोण हटकणार? त्यांतही खेळण्याचें, पैसे भरण्याचें व कर्ज काढण्याचें साधन एकच, आणि तें सदैव खिशांत.

रमीचा धंदा करणाऱ्यांनीं १९६७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाची ढाल पुढें केली. त्या निर्णयांत रमीस मुख्यत्वें कौशल्याचा खेळ म्हटलें आहे, हें खरें. परंतु जागेचा मालक त्या डावांतून नफा काढीत असेल तर गुन्हा शाबीत होऊं शकेल, असेंही त्याच निर्णयांत आहे. तें मात्र सोयीनें विसरलें गेलें. जाहिरातींत शेवटीं घाईघाईनें एक सूचना येई: ह्या खेळाचें व्यसन लागूं शकतें, जबाबदारीनें खेळा. विष विकणाऱ्यानें बाटलीवर 'जपून प्या' असें लिहावें त्यांतलाच हा प्रकार! ज्याचा स्वतःवरील ताबा सुटला त्यासच ताबा ठेवण्याचा उपदेश करणें म्हणजे बुडणाऱ्यास पोहण्याचे नियम वाचून दाखविणें होय.

ताबा सुटतो हें आतां वैद्यकशास्त्रही सांगतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तींत जुगाराचा विकार व्यसनांच्या विकारांत गणला आहे. खेळणें आवरतां न येणें, इतर सर्व कामांपेक्षां त्यास वरचें स्थान देणें व हानि दिसत असतांही तें चालूच ठेवणें, हीं त्याचीं लक्षणें होत. रोग म्हटल्यानें दोष माफ होतो, असा कोणी आक्षेप घेईल. परंतु १८५४ सालीं लंडनांत पटकीची सांथ आली तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं रोग्यांस दोष देत न बसतां ज्या पंपाच्या पाण्यानें रोग फैलावत होता त्याची दांडी काढविली. जुगाराच्या बाबतींतही प्रथम पंप शोधावयाचा, आणि मग रोग्यास औषध द्यावयाचें.

प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्याचा मोठा अभिमान बाळगणाऱ्या देशांनींही हा मार्ग धरला आहे. नॉर्वेनें २००७ सालीं जुगाराचीं जुनीं यंत्रें उचलून टाकिलीं व नवीं आणतांना तोट्यास मर्यादा घातली. ब्रिटननें २०१९ सालीं दुकानांतील यंत्रावर एका डावास लावावयाची कमाल रक्कम शंभर पौंडांवरून दोनवर आणली, व २०२० सालीं उधारीच्या कार्डावर जुगार खेळण्यास बंदी केली. सिंगापुरांत तर घरच्या माणसांच्या अर्जावरून जुगाऱ्यास कॅसिनोचें दार बंद करितां येतें. घराचें ऐकून घेणारा हा कायदा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही आरंभ झाला आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या केंद्राच्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यांत पैशाचे खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणारास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणारास मात्र शिक्षा नाहीं. पंपाची दांडी काढण्याचा हा प्रयत्न स्तुत्य होय. परंतु कागदावरील बंदीनें चोरवाटा बुजत नाहींत, मटकाही उठत नाहीं, आणि झालेलें कर्ज तर मुळींच फिटत नाहीं. म्हणून उरलेलें काम येथील लोकांचें आहे.

घरांत पैशाची ओढाताण सुरू झाली कीं तिची पहिली खबर पोलिसास नव्हे, व्यापाऱ्यास लागते. सोयाबीन घालण्यापूर्वींच आडत्याकडे वारंवार उचल मागणारा शेतकरी, पगार होतांच पुन्हां हात पसरणारा गुमास्ता, बायकोचे दागिने गहाण ठेवावयास आलेला तरुण, हे सर्व आपल्याच दुकानाची पायरी चढतात. अशा वेळीं आणखी कर्ज देऊन व्याज मोजण्यापेक्षां दोन शब्द विचारून घरच्या माणसांस सावध करणें हा खरा व्यापारधर्म होय. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणें पैजेचा करार रद्दबातल असून जिंकलेले पैसे कोर्टांत वसूल करितां येत नाहींत. म्हणून बुकीच्या धमकीस भिऊन जमीन लिहून देण्याचें कारण नाहीं. सावकारानें बेकायदेशीरपणें जमीन बळकावली असल्यास २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणें जिल्हा निबंधकाकडे दाद मागतां येते. मन ठिकाणावर नसल्यास, अगर जीव नकोसा झाल्यास, १४४१६ हा टेलिमानस सेवेचा दूरध्वनि दिवसरात्र खुला आहे. तो रोग्यानें लावावा तसा घरच्यांनींही लावावा. ह्या गोष्टी ग्रामसभांतून, बचत गटांतून व बाजार समितीच्या फळ्यावर वारंवार सांगितल्या गेल्या पाहिजेत. आणि दारूच्या व्यसनासारखाच जुगाराच्या व्यसनासही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत ठराविक वारीं उपचार मिळाला पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

जुगारी मनुष्य आपलें कर्ज लपवितो, कारण तें उघड झाल्यास आपली छीःथू होईल हें त्यास पक्कें ठाऊक असतें. ह्या भीतीवरच बुकी व खाजगी सावकार जगतात. जुगारास आश्रय देऊं नये, पण कर्ज कबूल करावयास आलेल्या जुगाऱ्यास दाराबाहेर घालवूंही नये. तो वेळेवर बोलला तर त्याचें घर वांचेल. आणि त्यानें बोलावें अशी बाजारांत, गांवांत व घरांत सोय करणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे.