लहान गावाची वाणी
२ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग नगरातल्या एका ख्रिस्तमंदिरातील उपासना तेथील ‘केडीकेए’ नभोवाणी केंद्राने प्रक्षेपित केली, आणि पुढे तिकडच्या लहान लहान गावांतही शुभवर्तमान सांगणारी स्वतंत्र केंद्रे उभी राहिली. आपल्याकडे मात्र तो संदेश समुद्रापलीकडून आला, कारण सेशेल्समधील माहे बेटाजवळच्या प्रवाळखडकांवर मनोरे उभारून ‘फेबा’ ही संस्था १९७० पासून लघुलहरींवर भारतीय भाषांत बोलू लागली. धर्मसंस्थेच्या ताब्यातील कंपनीस खासगी एफएमचा परवाना न देण्याचे धोरण आपल्या सरकारने ठेवले आहे.

गावाच्या वाणीस वाट मिळाली ती निराळ्या दारातून. नभोलहरी ही सार्वजनिक संपत्ती होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्राची मुभा मिळाली. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ वर सुरू झाली, ती याच मुभेमुळे. अशा केंद्राची शक्ती अवघी १०० वॅट, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर, आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत अशी अट. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण उसावरील हुमणी आणि कालव्याची पाणीपाळी यांविषयी शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत सांगणारे माणूस दूरच्या केंद्रात क्वचितच भेटते.

पण हा आवाज दहा-पंधरा किलोमीटरांवर विरतो, आणि इंदापूर बारामतीपासून सुमारे ५० किलोमीटर दूर. तेथील एखाद्या महाविद्यालयाने परवान्यासाठी अर्ज करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.