रिकामी घरे आणि कारीगराची खोली

सुरतेच्या बाजारातून आम्ही तीस वर्षे कापड उचलतो. तिथल्या यंत्रमागावरचे कारीगर, त्यातले पुष्कळ ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले, कसे राहतात ते पाहिले आहे. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच चटईवर रातपाळीचा आडवा होतो. २०२०च्या टाळेबंदीत ही माणसे गावी निघाली, माग थांबले, आणि सरकारला भाड्याच्या घरांची आठवण झाली.

त्याच जुलैत केंद्राने योजना मंजूर केली. सरकारी पैशातून बांधलेली सुमारे १ लाख ८ हजार घरे शहरांत रिकामी पडली होती. ती दुरुस्त करून बाहेरगावच्या कामगारांना भाड्याने द्यायची. हिसाब असा की ठेका घेणाऱ्याने दुरुस्ती, पाणी, गटार पदरच्या खर्चाने करावे, २५ वर्षे भाडे घ्यावे, मग इमारत पालिकेला परत करावी. पहिले भाडे पालिकेच्या मंजुरीने, पुढे दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढ.

चंदिगढमध्ये २,१९५ घरे अशी झाली, सुरतेत ३९३. देशभरात २०२३पर्यंत ५,६४८. लाखभर मालात एवढीच उचल! माल पडून राहतो तो दरवेळी भावामुळे नव्हे. दुकान भलत्या गल्लीत असले तरी राहतो. यातली बरीच घरे कामापासून दूर बांधलेली होती. बसभाड्यात मजुरी घालवायला कारीगर तयार नसतो.

सप्टेंबर २०२४पासून शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हा मार्ग पुन्हा खुला आहे. भिवंडी, मालेगावच्या कारखानदार बंधूंनी पालिकेत जाऊन विचारावे, अशी घरे किती पडून आहेत आणि मागापासून किती लांब.