'कीचकवध'मध्ये इंग्रजांचं नावही नव्हतं, तरी सरकारनं बंदी का घातली?

हुकूमशाहीवरची कादंबरी म्हटलं की जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आठवते. तिच्यातल्या बिग ब्रदरवर लोकांनी देवासारखी श्रद्धा ठेवायची असते. मार्गारेट ॲटवुडच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये तर राज्यकर्ते बायबलचा दाखला देऊनच बायकांना गुलाम करतात. दोन्हीकडे धर्माचं बळ सत्तेच्या बाजूनं वापरलं जातं.

पण '१९८४' येण्याच्या ४२ वर्षं आधी सांगलीच्या एका माणसानं हाच डाव उलटा टाकला होता.

त्याचं नाव कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. १८७२ साली सांगलीत जन्मलेले खाडिलकर 'केसरी'त लोकमान्य टिळकांचे सहकारी होते. १९०७ मध्ये त्यांचं 'कीचकवध' हे नाटक रंगभूमीवर आलं.

गोष्ट महाभारतातली. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे वेश बदलून राहतात. सैरंध्री झालेल्या द्रौपदीवर राजाचा मेहुणा कीचक हात टाकू पाहतो. राजा गप्प बसतो, युधिष्ठिर सबुरीचा सल्ला देतो आणि शेवटी भीम कीचकाला ठार मारतो. सातारा जिल्ह्यातली वाई म्हणजेच ही विराटनगरी, असं तिकडे परंपरेनं सांगितलं जातं. शेजारचा किल्ला तर वैराटगड.

बंगालची फाळणी होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्यामुळे कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलनंही १९१० च्या आपल्या पुस्तकात हाच अर्थ सांगितला.

त्याच वर्षी सरकारनं नाटकावर बंदी घातली. नाटकं रोखण्यासाठी १८७६ चा कायदा हाताशी होताच. पण गंमत अशी, की बंदी घालताना कीचक म्हणजे आपणच, हे सरकारनं एका परीनं कबूल केलं. शिवाय नाटक थांबवता आलं, तरी कीर्तनातली आणि घराघरातली महाभारताची गोष्ट कशी थांबवणार?

धर्मकथेची ताकद इथेच आहे. ती सगळ्यांना आधीच पाठ असते, त्यात खलनायक कोण हे ठरलेलं असतं. म्हणून ती दुबळ्याला बोलायची वाट देते. पण उद्या सत्ताच भीम बनली आणि विरोधकाला कीचक म्हणू लागली, तर तीच कथा प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करू शकते. म्हणून अशी गोष्ट कानावर आली की आधी एवढंच बघावं: ती सांगणाऱ्याच्या हातात सत्ता आहे की नाही?